आईच्या हातावर टाळी

मंडळी, ऐका! दिवाळीत एक पत्र आलं. उत्तर दिलं नाही. का? येत नव्हतं म्हणून! चार पोथ्या उघडल्या, चारही मिटल्या.

पत्र पलीकडच्या वाडीच्या रेवतीबाईंचं. "बुवा, माझ्या शाल्मलीची कातडी जन्मापासून अशी, की टाळी वाजवली तरी फोड येतात. माझ्या मामालाही तसंच होतं. डॉक्टर दुरुस्ती करू म्हणतात. सासूबाई म्हणतात, प्रारब्धाला हात लावू नये. लावू का?"

बोला, लावावा का? — सगळे एकमेकांकडे बघताय! मग मी एकट्यानेच का लाजावं?

माझ्या उत्तराची वाट पाहून बाई गेल्या डॉक्टर वैजयंतीकडे.

"ताई, पेशीत मूळ पोथी असते. तिला हात लावायचा नाही. तिची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. तिच्यावरून कातडी घडते. नकलेतला बिघडलेला तुकडा काढायचा, चांगला जोडायचा."

रेवतीबाई हसल्या! "अहो, हे तर बुवांचे टाळकरी करतात! बुवा चरण चुकले, की मागून गंगाराम बरोबर चरण उचलतो. कीर्तन थांबत नाही!"

"अगदी तसंच! पण नक्कल रोज नवी निघते. पुन्हा पुन्हा करावं लागेल."

"टाळकऱ्याला कुठे सुट्टी असते!"

गंगाराम, मान खाली का? आजच दोनदा सावरलंस मला! मंडळी, हा देवाचा अपमान करतो का? अहो, देवाचंच गाणं पुढे नेतो!

सोपं नव्हतं. काचेच्या बशीतल्या शाल्मलीच्या पेशींत तुकडा आधी भलतीकडेच जोडला गेला — अभंग एक, चाल दुसरीच! वैजयंतीने तो बदलला, पुन्हा बदलला. नेमका बसला, तेव्हा शाल्मलीच्या फक्त उजव्या तळहातावर औषध लावलं.

काल मायलेकी माझ्या दारात! मी पुस्तकात तोंड खुपसलं.

"आजोबा, टाळी बघा!"

डावा हात पट्टीत. "बाळ, एका हाताने टाळी वाजेल का गं?"

तिने आईचा हात ओढला — टप्! पुन्हा — टप्! आई फोड शोधतेय, पोर ताल धरतेय! फोड आलाच नाही हो!

मंडळी, शेजारचा चुकला तर तुम्ही हसता, की चरण उचलता? धरा त्याचा हात, वाजवा टाळी!

आणि उत्तर? इथे येतानाच टपालपेटीत टाकलं. उशीर झाला, तरी टाकलं: "रेवतीबाई, लावा हात. प्रारब्धालाही टाळकरी लागतो."