कोटाचा वास

अगं, परवा मी लॅबचा कोट काढायलाच विसरले आणि तशीच ठाण्याहून मोहन्याला घरी गेलेले. पप्पांनी दार उघडलं आणि काही बोलायच्या आधी माझी बाही धरून हुंगली.

आमचे पप्पा रेयॉनच्या कंपनीत होते, ती बंद पडेपर्यंत. तिथे लाकडाच्या लगद्यापासून धागा काढायचे आणि कपड्यांना कुजलेल्या मुळ्यासारखा वास बसायचा. आई नाकाला पदर लावायची, पण ते गल्लीच्या तोंडाशी आले की तिला वासावरूनच कळायचं. दारात पोचेपर्यंत चहा उकळलेला असायचा.

"तुमच्याकडे पण लगदाच ना?" पप्पांनी विचारलं.

"हो, पण आम्ही त्याचं सॉर्बिटॉल करतो. शुगर-फ्री गोळ्यांत असतं ते. लगदा पाण्यात घालून हायड्रोजनच्या दाबाखाली तापवायचा. खरं काम करते ती कोळशावर बसवलेल्या धातूची काळी पूड. ती गाळून परत वापरता येते."

"आणि वास?"

"अजिबात नाही, पप्पा," मी जरा मिरवतच म्हटलं.

त्यांनी बाही सोडली. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघत म्हणाले, "मग तू आलीस हे तिला कळणार कसं?"