शेणकाला आणि प्रवाळ

समुद्री टाकीतलं शेवाळ कशानं जातं, हे मला आता विचारूच नका. साकोलीच्या घरात मी काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ पाळते. सोबतच्या माशांच्या विष्ठेचं खत पाण्यात जास्त झालं की शेवाळ माजतं आणि प्रवाळ त्याखाली गुदमरतं. आधी पाणी बदलून पाहिलं, आठवड्यात पुन्हा हिरवं. मग फेस काढणारं यंत्र आणलं, थोडा फरक पडला. शेवटी मागच्या कप्प्यात समुद्री गवत वाढवलं. त्यानं खत खाऊन टाकलं आणि पाणी काचेसारखं झालं.

तेवढ्यात परीक्षा आली. मी आठवडाभर नागपूरला गेले आणि टाकी मोठ्या बाबांवर, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावावर सोपवली. त्यांनी जन्मभर तलावात रोहू वाढवलेले. परत आले तर पाणी गर्द हिरवं.

"मोठे बाबा, काय टाकलं यात?"

"शेणकाला. जरासाच. पाणी पारच फिक्कं होतं, मासे काय खातीन? तलावात टाकतोच नं आमी, हिरवं व्हाले."

"मला विचारायचं तरी. माझं प्रवाळ मेलं."

"कोनतं?"

मी बोट दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं.

"हा तं गोटा हाय. गोटा कसा मरंन, पोरी?"

भांडले असते, पण आधी पाणी बदलायला बादल्या भरायच्या होत्या.