फटीवरची काच

इटलीतल्या पोत्सुओलीच्या चौकात, भूकंपाच्या हादऱ्यांनी रिकामी केलेल्या घरी परतायचा परवाना घेण्यासाठी तंबूपुढे रांग होती. माझ्यापुढे नुन्झियाताबाई आणि तान्हं बाळ कडेवर घेतलेली त्यांची लेक मेना.

"आई, सुटलो! भिंतीच्या फटीवर बसवलेली काच शाबूत आहे म्हणाले इंजिनियर. काच फुटली नाही म्हणजे भिंत सरकली नाही. आज आपल्या घरी झोपायचं."

"आज नको. तू नापोलीला मावशीकडेच राहा."

"हे तू म्हणतेस? मेले तरी घर सोडणार नाही, हे कोण ओरडत होतं?"

"ते माझ्यापुरतं. जमीन फुगतेय गं. बंदराचा तळ वर आलाय, बाबांची होडी चिखलात बसलीय."

"ते मी लहानपणापासून बघतेय."

.

(हादरा. नुन्झियाताबाईंनी मेनाचा दंड गच्च धरला.)

.

"गेला. दंड सोड माझा, दुखतोय."

"मेना, ती काच नवी आहे."

"म्हणजे?"

"जुनी रविवारी तडकली. मी दुसरी चिकटवली. सिमेंट जुनं दिसावं म्हणून वर कॉफी चोळली."

"त्या भिंतीला माझ्या पोराचा पाळणा लागलाय, आई!"

"तू इतक्यात परत येशील असं वाटलं नव्हतं."

"आणि तू एकटी झोपणार होतीस तिथं?"

"माझा जन्म तिथला."

"आता सांगितलंस तर ते घर बंद करतील. कायमचं."

"पुढचं कोण? चला लवकर!" तंबूतून हाक आली.

"आम्ही." नुन्झियाताबाई पुढे झाल्या. "साहेब, परवाना नको. आमच्या घराला कुलूप लावा."