नळीवरचे बक्कल

नाव: नंदकिशोर गजानन खांबेटे. वय: २१. धंदा: कॉलेज अर्धवट सोडले; शहरातल्या सोडाला भागात मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवार. राहणार: बनी पार्क, जयपूर. तारीख: १७ मार्च १९६४.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन लिहून देतो की, परवा रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ते बक्कल लोखंडी नळीवर बसलेले मी पाहिले आणि गप्प राहिलो. माझे जे काही व्हायचे ते तेव्हाच झाले.

ठाण्याचे लेखनिक मुन्शीजी यांनी माझा जबाब हिंदीत दोनदा लिहिला. दोन्ही वेळा त्यात "मला माहीत नव्हते" असे आले. दोन्ही वेळा मी ते खोडायला लावले, आवाजही चढवला. ते म्हणाले, "बेटा, अपने ही पैर पर कुल्हाड़ी क्यों मार रहा है?" म्हणून आता स्वहस्ते, मराठीत लिहीत आहे.

सी-स्कीम वस्तीत राहणारे बँकेचे अधिकारी आप्पासाहेब निगुडकर यांच्याशी आमचा घरोबा. त्यांची थोरली मुलगी रत्नप्रभाताई जानेवारीत अमेरिकेहून आली. तिचा मुलगा बापू, वय दोन वर्षे. त्याची मोटारीत बसायची खुर्ची तिने बरोबर आणली. नळीचा सांगाडा, वर गादी. सीटचा पट्टा सांगाड्यामागून ओवून आवळला की खुर्ची हलत नाही. आप्पासाहेबांच्या अँबेसेडरला पट्टे नव्हते. लष्करी लिलावातला जाड पट्टा आणून, गाडीच्या तळाला भोके पाडून मी तो बोल्टने बसवला.

धाकटी मुलगी प्रतिमा हिला तो लावायला मी शिकवले. एका दिवसाचे काम होते. मी आठ दिवस शिकवले.

"खुर्चीवर गुडघा रोव, मग ओढ."

"माझा गुडघा की तुझा?" असे ती विचारी. बापू आत बसून "ओढ, ओढ" ओरडे.

बक्कल नळीवर येऊ देऊ नकोस, नळीच्या दाबाने त्याचे झाकण उचलले जाते आणि पट्टा सुटतो, हेही सांगितले होते. पण एकदाच. आमचा पट्टा लांब होता, बक्कल बाजूलाच येई.

शुक्रवारी संध्याकाळी आप्पासाहेबांनी मला बोलावून प्रतिमाचे लग्न जयंत परांडेकर यांच्याशी ठरल्याचे सांगितले. मी काय बोललो ते लिहीत नाही. ते म्हणाले, "कॉलेज सोडलंस. उद्या तिलाही सोडशील." मी "बघून घेईन" म्हणालो आणि दार उघडे टाकून निघालो. हे शब्द माझेच आहेत.

रविवारी मी त्यांच्या फाटकाबाहेर सायकल धरून उभा होतो. काम काही नव्हते. परांडेकर आपली परदेशी गाडी घेऊन सगळ्यांना फिरायला न्यायला आले होते. त्या गाडीला कंपनीचे पट्टे आहेत, आखूड. प्रतिमाने खुर्ची पुढच्या सीटवर ठेवली, गुडघा रोवला, ओढले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "नंदू, हा पट्टा पुरत नाही रे. बक्कल असंच राहू दे का?"

मी म्हणालो, "ज्याची गाडी त्याला विचार."

परांडेकर हसले. "मिस्त्रीबुवा रागावले वाटतं! अगं, खट् वाजलं ना? झालं तर मग."

बक्कल नळीच्या वळणावरच बसले होते. मला सहा-सात पावलांवरून दिसत होते. खुर्ची मागच्या सीटवर न्या, किंवा बापूला ताईच्या मांडीवर द्या, एवढे म्हणायला किती वेळ लागतो ते मी नंतर मोजून पाहिले आहे. बापूने मला हात केला. मी केला नाही.

गाडी वळल्यावर सायकलवर बसून मागे लागलो. हाका मारल्या. सोडाल्याच्या चौकात पोचलो तेव्हा गर्दी जमली होती. उंटगाडी आडवी आल्यामुळे परांडेकरांनी ब्रेक मारला होता. वेग जास्त नव्हता, हे लोकांनी सांगितले आणि मला खरे वाटते. खुर्ची पुढे पत्र्यावर आपटून खाली पडलेली होती. पट्टा तुटला नव्हता. झाकण वर होते.

बापू इस्पितळात आहे. आज तिसरा दिवस. डोळे उघडतो. ताई हाक मारते तिकडे पाहत नाही. डॉक्टरांना मी विचारले; त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले.

परांडेकरांनी पट्टा प्रतिमाने लावल्याचे सांगितले आहे. ते खरे आहे. ती रविवारपासून जेवलेली नाही, माझ्या हातानं झालं एवढेच म्हणते. तिने विचारले होते. ज्याला ठाऊक होते त्याला विचारले होते. एवढे नोंदवावे, यासाठी मी आलो. कोणी बोलावले नव्हते.

ठाण्यात मराठी वाचणारे कोणी नाही. बाहेर बाकावर याच चौकशीसाठी आलेले आप्पासाहेब बसले होते. मुन्शीजींनी त्यांनाच आत बोलावले. त्यांनी वरील सर्व मोठ्याने वाचले व मुन्शीजींना हिंदीत सांगितले. "मी केला नाही" इथे ते थांबले, चष्मा पुसला, आणि ते वाक्य पुन्हा वाचले. मी ऐकले. मला त्यातला एकही शब्द बदलायचा नाही.

प्रतिमाला हे सांगाल का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "सही कर. आणि जाताना दार लाव."

सही केली आहे. दार लावून जातो.

नं. ग. खांबेटे