नुसत्या टोपीचा कार्डिनल

—सोळाशे एकोणसाठ, काउंटसाहेब, साठ नव्हे. सप्टेंबर महिना, द्राक्षे खुडायचे दिवस. मी अकरा वर्षांचा, आणि रोमहून आलेली कार्डिनलची लाल टोपी कानांवर घसरत होती. आईसाहेबांनी आत लोकर भरून ती बसवली. थोरले बंधू — तुमचे सम्राट हो, दुसरे कोण — म्हणाले, ‘आमच्या कोंबड्याला तुरा फुटला.’ सगळा दरबार हसला. तुम्हीही हसला होतात. नाही कशाला म्हणता?

आणि आता तुम्ही त्यांचा निरोप घेऊन आलात — म्हणे टोपी उतरवा, बोहल्यावर चढा. का? तर बंधूंना मूल नाही आणि गादीला वारस हवा. मला कार्डिनल केले, पण धर्मगुरूची दीक्षा घेऊ दिली नाही, ती याचसाठी — धर्मगुरूला लग्न नाही, नुसत्या टोपीला आहे. वेळप्रसंगी कामी यावा म्हणून पागेत बांधून ठेवलेला घोडा मी. नवरी किती वर्षांची म्हणालात? पंधरा? हेच बोलावणे योहाना इथे होती तेव्हा आले असते, तर मी खोगीर घालायलाही थांबलो नसतो — ते राहू द्या. त्या नावाची चौकशी करायची नाही.

गेल्या हिवाळ्यात देवीच्या साथीत आमच्या तळ्यांचा राखणदार मातोउश अंथरुणाला खिळला. माझा झगा धरून म्हणाला, ‘महाराज, पापांची क्षमा द्या.’ मी ओलोमोउत्सचा नावापुरता बिशप, सम्राटाचा भाऊ — काय देणार? तो अधिकार खेड्यातल्या पाद्र्याला होता, मला नव्हता. पाद्री बर्फ तुडवीत येईपर्यंत मातोउश गेला. त्याची बायको शांतपणे म्हणाली, ‘मग ही टोपी असते तरी कशाला, महाराज?’

बंधू रागावतील, मान्य. जहागिरी काढून घेतील — घेऊ द्या. पोपमहाराजांनी टोपीही खुशाल परत मागावी. पण आज, संत लुसीच्या सणानंतरच्या या शनिवारी, सकाळच्या मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, आमच्या वृद्ध सहायक बिशपांनी माझ्या तळहातांना पवित्र तेल लावले. मी धर्मगुरू झालो, काउंटसाहेब. ते तेल पुसून काढण्याची सत्ता व्हिएन्नात कोणाला नाही, रोममध्येही नाही.

असे पाहू नका. खाली चार माणसे पापांची कबुली द्यायला थांबली आहेत, तुमच्या आधीपासून. निघा. दार ओढून घ्या.