जोडावरची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले प्राचार्य सुरेंद्र सर. संस्थेच्या ज्येष्ठ सदस्या आदरणीय रेणुकाबाई. माझे सहकारी प्राध्यापक. कापूसवेचणीच्या दिवसांत वेळ काढून आलेले पालक. आणि ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते तिसऱ्या वर्षाचे माझे विद्यार्थी, सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

सूत्रसंचालन करणाऱ्या मयूरीने मला विषय दिला आहे, ‘गटात काम करताना एकोपा’. तिने तो हसू दाबतच दिला असणार. कारण यंदा गटप्रकल्पात सगळ्यात जास्त भांडलेला गट तिचाच आहे. मयूरी, लखन आणि वृषाली. या तिघांची मार्गदर्शक मी. मग एकोप्यावर मी काय डोंबल बोलणार? सर, शब्द जरा घसरला, सांभाळून घ्या.

पालकांसाठी थोडक्यात सांगते. तिघांनी मिळून आपल्या गावाचा नकाशा काढायचा, असा तो प्रकल्प होता. तिघंही एकाच गावची. गावाचं नाव घेत नाही, सीमेकडची आपली बरीच गावं तशीच आहेत. लखनचा हात चांगला, म्हणून त्याने काढायला घेतलं. मारुतीचं देऊळ, शाळा, त्याच्या घराची गल्ली, बैलांचा हौद, सगळं सुंदर उतरलं. नकाशा आला नाल्यापर्यंत. नाल्यापलीकडे भीमनगर आहे. वृषाली तिथे राहते.

तिने विचारलं, “आमचं घर कुठं हाय यात?”

लखन म्हणाला, “कागदच संपला. मी काय करू?”

मी त्या दिवशीही मानलं आणि आजही मानते, की तो खोटं बोलत नव्हता. कागद खरंच संपला होता. पण देवळापासून सुरुवात केली आणि आपली गल्ली ऐसपैस काढली, की कागद कुठे संपणार हे तिथेच ठरत नाही का?

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. मयूरी या बाकावरून त्या बाकावर निरोप पोचवत राहिली. एक दिवस ती माझ्याकडे येऊन म्हणाली, मॅडम, मले प्रोजेक्टचे मार्क देऊ नका, पोस्टातली नोकरी द्या. शेवटी प्रकरण सुरेंद्र सरांकडे गेलं. सरांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि तोडगा सुचवला. दोघांनी दोन वेगळे नकाशे करावेत, गुणही वेगवेगळे मिळतील. ऐकायला बरं वाटलं. मीसुद्धा मान डोलावली होती.

वृषाली म्हणाली, “सर, दोन नकाशे म्हंजे दोन गावं झाली ना?”

माझी डोलणारी मान तिथेच थांबली.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मीही अशाच एका नाल्यापलीकडच्या वस्तीत वाढले. त्यामुळे घरी गेल्यावर स्वतःला विचारलं, तू मार्गदर्शक म्हणून बोलते आहेस, की बाजू घेते आहेस? उत्तर आलं, थोडी बाजू घेतेच आहेस. म्हणून कुठे काय काढायचं, हे मी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की नकाशा एक आणि त्यावर नावं तीन. नाहीतर तिघांनाही गुण नाहीत. काही सहकाऱ्यांना ते कठोर वाटलं. असेलही.

मग त्यांनी खळ शिजवली आणि खाली दुसरा कागद चिकटवला. टेप घेऊन मोजायला निघाले. लखन भीमनगरात आतपर्यंत पहिल्यांदाच गेला. त्याच्या हातात टेप पाहून पोरं मागे लागली. हा सर्वेवाला दिसते, घराचे पट्टे देऊन राह्यला, असा गलका झाला. लखन चिडला आणि वृषाली हसली. पण त्यांची मैत्री झाली असं कुणी समजू नये. आत्ताही पाहा, दोघं हॉलच्या दोन टोकांना बसली आहेत. टेपची दोन टोकं मात्र दोघांनीच धरली होती.

पुढच्या आठवड्यात हा नकाशा जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचा आहे. तिथली चौकट एका कागदाची. परवा सरांनी सुचवलं, खालचा कागद मागे दुमडून टाका, काढायचा थोडाच आहे, मागे राहीलच. सर, तुमच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. मी तुमच्या केबिनमध्ये हळू आवाजात नाही म्हटलं होतं. आज माइकवर म्हणते. नाही.

आणि आज सकाळी माझ्याआधी लखनने ते म्हटलं. त्याने नकाशा स्टाफरूममध्ये आणून टेबलावर पसरला. म्हणाला, “मॅडम, आमच्या जमिनीच्या दस्ताला जिथं कागद जोडला, तिथं जोडावरच सही राहते. काऊन की मंग कोनी एक कागद काढून घेऊ शकत नाही.” आणि त्याने सही केली. अर्धं नाव वरच्या कागदावर, अर्धं खालच्या. मग मयूरीने केली. वृषालीने सगळ्यात शेवटी केली आणि त्याला म्हणाली, “आता दुमडशील तर तुह्यच नाव मोडंल.”

मार्गदर्शक म्हणून चौथी सही माझी आहे.

तेव्हा अध्यक्षमहोदय, नकाशा जाईल तर पूर्ण जाईल. चौकटीत मावत नसेल तर चौकटीबाहेर लटकेल. प्रदर्शनवाल्यांनी परत पाठवला तर आम्ही परत आणू. या तिघांचे गुण मी दिलेले आहेत, ते कमी होणार नाहीत.

मुलांनो, पुढे नोकरीत, संसारात, कुठेही तुम्हाला चार शहाणे सांगतील, वाद मिटवा, एवढा भाग मागे दुमडा. तेव्हा खुशाल भांडा. पण कागद एकच ठेवा.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल रेणुकाबाईंचे, सरांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मनापासून क्षमा मागते. त्या सहीबद्दल मात्र मागत नाही.