पलीकडच्या अर्ध्यातली बाजरी

आजच्या सेवापूर्ती सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या घोडतीर शिक्षण संस्थेचे धुरीण माननीय विक्रमराव, प्राचार्या अनिताताई, व्यासपीठावर दाटीवाटीने पण प्रेमाने बसलेले संचालक मंडळ, सत्कारमूर्ती, आपले क्रीडाशिक्षक सतीश सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि सरांची शिट्टी घरातही सोसलेल्या सुलक्षणावहिनी, शिरूरहून, निमोण्याहून, केंदूरहून आलेले पालक, प्राध्यापक बंधुभगिनी आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

मला बोलायला उभं करताना अध्यक्षांनी कानात सांगितलं, "गुरुजी, थोडक्यात." मी मान हलवली. पण मान हलवली म्हणजे कबूल केलं, असं कुठे आहे? माझ्यापुढे उभा जन्म मुलांनी माना हलवल्या, त्यांतल्या किती जणांनी गृहपाठ केला हे मला विचारा. तेव्हा अध्यक्ष महाराज, ते मनगटावरचं घड्याळ जरा बाहीखाली सारा. आज मी सावकाश बोलणार आहे. त्याला कारणही आहे, ते शेवटी सांगतो.

दुसरी एक गोष्ट. पुढची रांग रिकामी दिसते आहे. बास्केटबॉलच्या मुली कुठे आहेत, असं सरांनी मघापासून दोनदा विचारलं. येतील सर. मुलींना तयार व्हायला वेळ लागतो, एवढंच तूर्त धरून चला.

ज्यांना मी माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. मी सोपानराव. शिरूरच्या शाळेत मराठी शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, मी रोज संध्याकाळी या महाविद्यालयाच्या मैदानाकडेला लिंबाखालच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. खेळातलं मला काही कळत नाही. मी जातो तो आवाज ऐकायला. सिमेंटवर चेंडू आपटतो ना, त्याला एक चाल असते. धप धप, थांब, धप. डोळे मिटले की मला माझा सहावीचा वर्ग दिसतो, सगळी मुलं बाकांवर हात आपटत कविता म्हणताहेत, खिडकीतून ऊन आत आलं आहे, आणि शेवटच्या बाकावरचा कोणीतरी शब्द विसरून नुसतीच चाल म्हणतो आहे. मंडळी, कविता आणि बास्केटबॉल यांत फारसा फरक नाही. दोन्हींत हात रिकामा राहिला की माणूस गोंधळतो.

असो. आज सरांविषयी बोलायचं आहे, आणि सरांविषयी बोलायचं म्हणजे त्या मैदानाविषयी बोलणं आलं.

नव्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसेल. आज जिथे दोन रिंगा उभ्या आहेत, तिथे पूर्वी खळं होतं. पोपटरावांचं. महाविद्यालयाला मैदान हवं होतं आणि जागा मिळत नव्हती, तेव्हा पोपटरावांनी आपलं खळं देऊन टाकलं. बदल्यात त्यांनी एकच शब्द घेतला. सुगीचे दिवस आले की तिथे त्यांचं धान्य पडेल, बाकी वर्षभर पोरं खेळोत. कागद झाला नाही, सही झाली नाही. चहा झाला.

पोपटराव गेले. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी सरूबाईंनी दरवर्षी बाजरीची कणसं तिथेच वाळत घातली. त्या वेळी मैदानावर मुलंच खेळत आणि सुगीत ती सुट्टी समजून घरी जात. पुढे सतीश सरांनी मुलींचा संघ काढला. आता पंचाईत अशी, की महाविद्यालयांच्या स्पर्धांचा हंगाम आणि बाजरीचा हंगाम नेमका एकाच वेळी येतो. संघही हंगामापुरताच जमतो, बाकी वर्षभर मुली अभ्यासात आणि शेतकामात. विद्यापीठाने वेळापत्रक करताना बाजरीला विचारलं नसावं.

संस्थेतल्या काहींनी सरांना सुचवलं, की आता मैदान आपलं आहे, धान्य उचलायला सांगा. सर सरूबाईंच्या घरी गेले, चहा प्यायले, आणि परत येऊन म्हणाले, अर्धं मैदान मिळालं. इकडचं अर्धं मुलींचं, तिकडचं अर्धं बाजरीचं. वर सरांनी मुलींना नियम घातला, चेंडू तिकडे गेलाच तर बूट काढायचे, अनवाणी जायचं, चेंडू आणायचा, पायाखाली कणीस आलं तर हात लावून नमस्कार करायचा. धान्यावर बूट पडता कामा नये.

रोज बूट काढायचा कंटाळा कोणाला नसतो? त्या कंटाळ्यातून या मुली असा खेळ शिकल्या, की चेंडू तिकडे जाईच ना. गुडघ्याच्या वर उसळी नाही. लांबचा पास नाही. या हातातून त्या हातात, भाकरी थापताना पीठ फिरावं तसा चेंडू फिरे. यंदा बारामतीकडच्या एका संघाचे मार्गदर्शक सरांना विचारत होते, तुमच्या मुलींना हे ड्रिब्लिंग कोणत्या शिबिरात शिकवलं? सर म्हणाले, बाजरीच्या.

पण मंडळी, कवितेचं पहिलं कडवं साऱ्या वर्गाला पाठ असतं. सगळे जोरात म्हणतात. दुसरं कडवं सुरू झालं की आवाज पडतो, तिसऱ्याला गुरुजी एकटेच उरतात. आमच्या संघाचं तसंच होतं. अर्धं मैदान तोंडपाठ, पुढचं अर्धं कोरं. धावायचं म्हटलं की मधल्या रेषेपाशी पाय अडखळायचे. आणि सराव एकाच रिंगवर! हाफटाइमनंतर बाजू बदलतात, हे संघातल्या रुपालीला एका सामन्यात आठवलंच नाही. तिने मोठ्या सुंदर रीतीने चेंडू आपल्याच रिंगमध्ये टाकला आणि टाळ्यांसाठी आमच्याकडे पाहिलं. आम्ही वाजवल्या. काय करणार, टाकला छानच होता.

आता दौंडची गोष्ट. साखळीतला सामना दौंडला होता. तिथल्या संघातल्या बऱ्याच मुली रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. उंच, चपळ, आणि लहानपणापासून पूर्ण मैदानावर पळालेल्या. गाडीची शिट्टी आणि पंचांची शिट्टी यांतला फरक त्यांना झोपेतही कळत असेल. आमच्याकडून रविराज, म्हणजे सरूबाईंचा थोरला, टेम्पो घेऊन आला होता. मागे आम्ही मंडळी आणि पुढे केबिनमध्ये सरूबाई. त्या कधी सामना पाहायला आल्या नव्हत्या. "रोज माझ्या खळ्यात काय धिंगाणा घालत्यात ते बघाया चालले," असं मला म्हणाल्या.

सामना अटीतटीचा चालला होता. शेवटी शेवटी चेंडू सुटला आणि मधली रेषा ओलांडून पलीकडे घरंगळत गेला. सर्वांत जवळ आपली कर्णधार सुवर्णा. दौंडची मुलगी तिच्या बरीच मागे. पुढे कोणी नाही, रिंग मोकळी. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. सुवर्णा रेषेपर्यंत वाऱ्यासारखी धावली, रेषेवर थांबली, खाली बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली.

हसता आहात ना? तिथेही सगळं मैदान असंच हसलं. तेवढ्यात दौंडची मुलगी चेंडू घेऊन गेली, बास्केट झालं, आणि आपण हरलो. सुवर्णा एक बूट हातात घेऊन तशीच उभी. सर तिच्याजवळ गेले. काय बोलले मला ऐकू आलं नाही, पण त्यांनी तो बूट तिच्याकडून घेतला, खाली ठेवला आणि ती नाडी बांधेपर्यंत शेजारी उभे राहिले.

त्या हशात एकट्या सरूबाई हसल्या नव्हत्या. परतताना न्हावऱ्याला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी रुपालीला जवळ बोलावलं.

"त्या पोरीनं बूट का गं काढला?"

रुपाली म्हणाली, "आजी, तिकडं बाजरी असती ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूबाई सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, बाजरी उचलते. यावर सर काय म्हणाले असतील? वहिनी साक्षीला होत्या, त्यांनीच मला सांगितलं. सर म्हणाले, "मावशी, पोपटआबांना शब्द दिलाय. माझ्या पोरी जिंकाव्यात म्हणून त्यांचं खळं उठवायचं न्हाई." सरूबाईंनी पुन्हा विचारलं, सरांनी पुन्हा हात जोडले. दोन्ही माणसं गोड, आणि दोन्ही हट्टी. अशा भांडणात मध्यस्थी तरी कशी करावी? कोणी रागावतच नाही.

मग त्याच अर्ध्या मैदानावर सराव चालू राहिला. आणि पुढचे सगळे सामने या मुलींनी जिंकले. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण परवा कोणीतरी म्हणालं की नशिबाने जिंकल्या. नशीब एवढं खाली वाकून ड्रिबल करत नाही. जेजुरीच्या संघाविरुद्ध तर सुवर्णाने तिघींच्या गराड्यातून असा चेंडू काढला, की पंच शिट्टी वाजवायची विसरून बघत राहिले. येत्या रविवारी अंतिम सामना. पुन्हा दौंडला, पुन्हा त्याच रेल्वे कॉलनीच्या मुलींशी. जिंकलो तर संघ आंतरविभागीय फेरीत जाईल, तिथे आपलं महाविद्यालय आजवर कधी पोहोचलेलं नाही.

आणि सर आज निवृत्त होताहेत. रविवारी ते प्रेक्षकांत बसतील, माझ्या शेजारी. त्यांची एकच इच्छा आहे आणि ती ते कोणाकडे बोलत नाहीत. पण बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्याला पुष्कळ दिसतं. संध्याकाळी मुली गेल्या की सर मधल्या रेषेवर उभे राहून पलीकडच्या रिंगकडे पाहत. आपल्या मुलींना आपल्याच मैदानावर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावताना त्यांना बघायचं होतं. नोकरीत असताना. शिट्टी गळ्यात असताना.

रविवारचा अंदाज विचाराल तर मी मराठीचा माणूस, मी काय सांगणार? दौंडचा संघ उंच आहे, दमदार आहे. आपण त्यांना जवळून खेळायला लावलं तर आपली बाजू वर. त्यांनी आपल्याला पळायला लावलं तर अवघड. मधली रेषा ओलांडताना आपल्या मुलींचे पाय थांबले नाहीत, तर मी आताच सांगतो, विक्रमराव, सत्काराचे हार आणून ठेवा. आणि थांबले तर? तो प्रश्न आज दुपारपर्यंत होता.

हां. दारात रविराज उभा आहे आणि मान हलवतो आहे. त्याची मान म्हणजे खरोखरच होकार असतो, तो माझा विद्यार्थी नव्हता.

तर आता कारण सांगतो. काल सरूबाई माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "गुर्जी, उद्या तुमी किती येळ बोलू शकता?"

मंडळी, या तालुक्यात माझ्या भाषणाआधी लोक पाणी पिऊन घेतात. जो भेटतो तो 'आवरतं घ्या' म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला जास्त बोलायला सांगत होतं. मी विचारलं, का हो? त्या म्हणाल्या, "सरांना हॉलात धरून ठिवा. त्यास्नी कळलं तर पुन्हा हात जोडतील आन् मला बाजरी उचलू द्यायचे न्हाईत." मी म्हटलं, अहो, पण पोपटरावांना दिलेला शब्द? तेव्हा ती माउली जे बोलली, ते मी जसंच्या तसं सांगतो.

"शब्द आमच्या मालकांनी घेतला व्हता. मग सोडायचा बी आमीच. त्यात सरांचं काय?"

सर, असे उठू नका. बसा. वहिनी, यांचा हात धरा. आता उठून उपयोग नाही, काम झालेलं आहे. तुमच्या मुली हॉलमध्ये का नव्हत्या, ते कळलं ना? इथून, व्यासपीठावरून, मला खिडकीतून सगळं दिसत होतं. मधल्या रेषेवर ओळीने बूट काढून ठेवले होते, आणि सुवर्णा, रुपाली, सगळ्या जणी अनवाणी, पाट्या भरभरून कणसं टेम्पोत नेत होत्या. तुमचा नियम शेवटच्या कणसापर्यंत पाळला त्यांनी. बाजरी कुठे गेली ही काळजी नको. ती माझ्या गच्चीवर आहे. आमच्या घरी आता सुगी संपेपर्यंत कपडे वाळत घालायला जागा नाही, आणि आमच्या मंडळींना हे मी अजून सांगितलेलं नाही. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना आत्ताच कळलं.

अध्यक्ष महाराज, तुमचा वेळ घेतला, तो मी परत करू शकत नाही. व्यासपीठावरील मान्यवरांची नावं घेताना कोणाचं राहिलं असेल, कोणाच्या गावाचा उल्लेख सुटला असेल, खेळातलं काही उलटसुलट बोललो असेन, तर बाकावरचा म्हातारा म्हणून पोटात घाला. संस्थेचे, प्राचार्यांचे, ज्यांनी मला बोलू दिलं त्यांचे आणि ज्यांनी नाइलाजाने ऐकलं त्यांचेही मनापासून आभार. सतीश सर, तुम्हाला आणि वहिनींना उदंड आरोग्य लाभो.

आता एक क्षण सगळे शांत बसा. आवाज आला? धप धप. हा रोजच्या रिंगपासचा नाही. हा लांबून येतो आहे, पलीकडून. इतक्या वर्षांत सुगीच्या दिवसांत हा आवाज मी ऐकलेला नाही. वर्ग दुसरं कडवं म्हणतो आहे, सर. आणि कोणाचाही आवाज पडलेला नाही.

चला, तुमची शिट्टी घ्या. मुली मधल्या रेषेपाशी वाट पाहताहेत. सरूबाई पलीकडच्या रिंगखाली खुर्ची टाकून बसल्या आहेत आणि त्यांनी माझ्याकडून तुमच्यासाठी एवढाच निरोप पाठवला आहे. आज तिकडे येताना बूट काढायचे नाहीत.